विश्लेषण : नाव ‘कुत्र्यांचा’, बळी सिंहांचे! डिस्टेंपरचा विषाणू प्रजातींच्या सीमा कसा ओलांडतो?

गुजरातमधील गीरच्या पूर्व भागात, दलखाणिया परिक्षेत्रात सप्टेंबर २०१८ मध्ये सिंहांचे मृतदेह सापडू लागले. पहिल्या काही दिवसांत वनविभागाचे उत्तर ठरलेले होते. हद्दीवरून सिंहांची आपसात झुंज झाली आणि त्यात काही मारले गेले, असे सांगण्यात आले. सिंहांमध्ये अशा झुंजी होतातच, त्यामुळे हे उत्तर अगदीच न पटणारे नव्हते. मात्र मृतांचा आकडा थांबेना. १२ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या तीन आठवड्यांत तो २३ वर गेला. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, म्हणजे ‘एनआयव्ही’कडे आले आणि तेथे जे नाव पुढे आले ते कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचे होते. डिस्टेंपर!

पिल्लाच्या लसीकरण कार्डावर छापलेला हा आजार जगात रानटी अवस्थेत शिल्लक असलेल्या एकमेव आशियाई सिंहांच्या कळपांत कसा शिरला? आणि हा विषाणू कुत्र्यांचाच असेल, तर रशियातला वाघ, कॅस्पियन समुद्रातला सील आणि चीनमधले माकड त्याला बळी का पडले?

गीरमध्ये नेमके काय आढळले?

एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ६८ सिंह आणि सहा बिबट्यांच्या नमुन्यांत हा विषाणू सापडल्याची नोंद आहे. म्हणजे मृत्यू २३ वर थांबले असले तरी संसर्ग त्याहून बराच दूर पोहोचला होता. विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडाही पुण्यात वाचला गेला. गीरचे नाव निघाले की आफ्रिकेतील सिंहांची १९९४ मधील साथ आठवते, आणि त्या काळात तशी तुलनाही खूप झाली. आराखडा मात्र वेगळेच सांगत होता. हा विषाणू ‘इंडिया-१’ किंवा ‘एशिया-५’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाणाशी जुळणारा होता. तो परदेशातून आलेला पाहुणा नव्हता, इथल्याच मातीतला होता.

काही मृत सिंहांच्या रक्तात आणखी एक गोष्ट सापडली, बेबेसिया. गोचिडांमधून पसरणारा हा सूक्ष्म परजीवी तांबड्या रक्तपेशी फोडतो. विषाणू आणि गोचीड ही जोडगोळी किती घातक ठरते, हे आफ्रिकेने आधीच पाहिले होते. त्याकडे पुढे येऊच.

डिस्टेंपर म्हणजे काय?

भिंतीला लावायच्या रंगाशी याचा काही संबंध नाही, एवढे आधी सांगायला हवे. मराठीत हा घोळ नेहमी होतो. आजाराचे हे इंग्रजी नाव जुने आहे. देवीच्या लशीचे जनक एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्येच कुत्र्यांच्या या रोगाचे वर्णन लिहून ठेवले होते. तो जिवाणूंमुळे होत नसून त्यांच्याहूनही बारीक, गाळणीतून निसटणाऱ्या घटकामुळे होतो, हे फ्रान्सच्या हेन्री कारे यांनी १९०५ मध्ये दाखवले.

लक्षणे सुरुवातीला साध्या सर्दी-तापासारखी असतात. डोळ्यांना चिपडे, नाकातून घट्ट स्राव, खोकला, मग उलट्या आणि जुलाब. काही कुत्र्यांचे नाक आणि पंजांची कातडी जाड, टणक होते. खरा घाव बसतो तो विषाणू मेंदूपर्यंत पोहोचल्यावर. जबडा काही चघळत असल्यासारखा थरथरतो, पाय लटपटतात, फिट्स येतात. बरा झालेला वाटणारा कुत्राही काही आठवड्यांनी झटके देऊ लागतो. विषाणूला मारणारे औषध आजही नाही. डॉक्टर सलाईन, प्रतिजैविके आणि झटके थांबवणारी औषधे देऊन जनावराला तगवण्याचा प्रयत्न करतात.

विषाणू आधी घशाजवळच्या प्रतिकारपेशींमध्ये शिरतो आणि शरीराची संरक्षणव्यवस्थाच खिळखिळी करतो. घरात शिरलेल्या चोराने आधी राखणदारालाच बांधून ठेवावे, तसे. त्यामुळे डिस्टेंपर झालेले जनावर अनेकदा दुसऱ्याच कशाने तरी मरते. न्यूमोनिया, आतड्याचा संसर्ग किंवा गीरमध्ये आढळला तसा गोचीडताप.

बुळकांडी, गोवर आणि डिस्टेंपर यांचे नाते काय?

हे तिन्ही एकाच कुळातले, मॉर्बिलीव्हायरस या गटातले आहेत. बुळकांडीने भारतातील गुरांचे गोठेच्या गोठे रिकामे केले. २०११ मध्ये जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच आजार. गोवर तर घराघरात माहीत आहे. शेळ्या-मेंढ्यांमधला पीपीआर हाही याच घराण्यातला.

या घराण्याचा इतिहास म्हणजे उड्यांचा इतिहास आहे. गोवर हा गुरांमधल्या बुळकांडीच्या पूर्वजापासून माणसात आला, यावर शास्त्रज्ञांचे बऱ्यापैकी एकमत आहे. बर्लिनमधील संग्रहालयात जपून ठेवलेल्या १९१२ मधील एका फुप्फुसाच्या नमुन्यातून गोवरचा जुना आराखडा मिळाला. त्यावरून २०२० मध्ये केलेल्या गणितानुसार गोवर आणि बुळकांडी यांची फारकत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत मागे जाऊ शकते. माणसे मोठ्या शहरांत दाटीने राहू लागली तो हा काळ.

डिस्टेंपरबद्दल मांडलेला तर्क याहून चकित करणारा आहे. युरोपात या रोगाच्या ठळक नोंदी अठराव्या शतकात, १७६० च्या सुमारास स्पेनपासून सुरू होतात आणि तो दक्षिण अमेरिकेतून आल्याचे त्या काळी म्हटले जात होते. काही संशोधकांच्या मते युरोपीयांनी अमेरिका खंडात नेलेला गोवर तिथल्या मूळ रहिवाशांत वणव्यासारखा पसरला, तिथून तो कुत्र्यांत गेला, कुत्र्यांत रुळला आणि नव्या रूपात जहाजाने युरोपात परतला. हा तर्क अजून सर्वमान्य नाही. पण तो खरा असेल तर साखळी अशी होते : गुरांतून माणसात, माणसातून कुत्र्यात आणि कुत्र्यातून सिंहात. ‘प्राण्यांपासून माणसाला रोग होतात’ असे आपण नेहमी ऐकतो. इथे मधला दुवा आपणच आहोत.

हे नाते कागदावरचेच आहे असे नाही. आईच्या दुधातून मिळालेल्या प्रतिपिंडांमुळे कोवळ्या पिल्लांवर डिस्टेंपरची लस अनेकदा निष्प्रभ ठरते. त्यावर तोडगा म्हणून पशुवैद्य एकेकाळी पिल्लांना चक्क गोवरची लस टोचत आणि ती लागूही पडत असे.

एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात तो शिरतो कसा?

या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे १५,७०० अक्षरांचा आहे, तोही आरएनएमध्ये लिहिलेला. आरएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेत चुका तपासणारा ‘मुद्रितशोधक’ नसतो. त्यामुळे प्रत्येक पिढीत काही अक्षरे बदलतात. बहुतेक बदल निरुपयोगी असतात किंवा विषाणूलाच मारक ठरतात. क्वचित एखादा उपयोगी पडतो.

विषाणूच्या पृष्ठभागावर ‘एच’ नावाचे प्रथिन असते. ही त्याची किल्ली. प्राण्याच्या प्रतिकारपेशींवर असलेले ‘स्लॅम’ नावाचे प्रथिन हे कुलूप. किल्ली बसली की पेशीचे दार उघडते. पुढे श्वासनलिका, आतडे, त्वचा यांच्या अस्तरपेशींवर ‘नेक्टिन-४’ नावाचे दुसरे कुलूप आहे. तिथून विषाणू शिंक, लाळ, लघवी यांतून बाहेर पडतो आणि दुसरे जनावर गाठतो. मांसभक्षी प्राण्यांच्या घराण्यात, म्हणजे कुत्रा, लांडगा, सिंह, वाघ, अस्वल, मुंगूस, उदमांजर, सील यांच्यात ही कुलपे एकमेकांशी बरीच मिळतीजुळती आहेत. म्हणूनच एकच किल्ली थोड्याफार खटपटीने अनेक दारे उघडते.

जनुकीय आराखड्यांची तुलना करताना संशोधकांचे लक्ष ‘एच’ प्रथिनातील दोन जागांनी, ५३० आणि ५४९ क्रमांकांच्या जागांनी वेधले. कुत्र्यांत फिरणाऱ्या विषाणूत ५४९ व्या जागी सहसा टायरोसीन हे अमिनो आम्ल असते. इतर प्राण्यांमधून मिळालेल्या अनेक नमुन्यांत तिथे हिस्टिडीन दिसते. एका अक्षराच्या फरकाने पत्ता बदलावा, असे हे आहे. मात्र हा काही पक्का नियम नाही. ‘कुत्र्याच्या’ अक्षराचे विषाणूही इतर प्राण्यांना आजारी पाडताना दिसले आहेत. म्हणजे नव्या प्राण्यात शिरण्यासाठी बदल अनिवार्य नाही. पण तिथे टिकायचे, एकाकडून दुसऱ्याकडे जात राहायचे, तर असा बदल कामी येतो.

शिरणे आणि टिकणे यांतला हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचे सगळे चुकीचे वाचले जाते. घरातल्या मांजराला प्रयोगात डिस्टेंपरचा संसर्ग होतो, पण ते सहसा आजारी पडत नाही आणि तो फारसा पसरवतही नाही. सिंह-वाघ हे मांजराचेच सगे असूनही मरतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील प्राणिसंग्रहांमध्ये सिंह, वाघ आणि बिबटे या रोगाने दगावेपर्यंत मोठ्या मार्जारांना यापासून खरा धोका नाही, असाच समज होता.

आणखी एक विरोधाभास आहे. हा विषाणू शरीराबाहेर अगदी नाजूक असतो. ऊन, उष्णता, साबण यांनी तो लवकर नष्ट होतो. कुत्र्यांचा दुसरा मोठा शत्रू, पार्व्हो, याच्या अगदी उलट. तो जमिनीत महिनोन् महिने तग धरतो. पार्व्होची कथाही नमूद करण्याजोगी. मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या जवळच्या नातलगात मोजके बदल झाले आणि १९७८ मध्ये कुत्र्यांचा एक नवाच रोग काही महिन्यांत जगभर पसरला. गंमत म्हणजे हा नवा विषाणू सुरुवातीला मांजरांत वाढू शकत नव्हता. दोन-तीन वर्षांतच त्याचा सुधारित अवतार आला आणि ती क्षमता त्याने परत मिळवली. पार्व्हो बुटाच्या तळव्याला चिकटूनही प्रवास करू शकतो. डिस्टेंपरला मात्र जिवंत जनावरांची जवळीक लागते.

मग जंगलात ही जवळीक कुठे होते? शिकारीभोवती. गावाच्या वेशीवर मेलेली गाय-म्हैस टाकलेली असते. रात्री तिथे सिंह येतो, पहाटे कोल्हा, दिवसा गावातली कुत्री. एकाच मांसावर सर्वांची लाळ पडते, नाकाला नाक लागते. कधी बिबट्या कुत्र्यालाच उचलतो. सिंह तर कळपाने जेवतात. एकाला लागण झाली की ताटावर बसलेल्या सगळ्यांनाच होते.

सेरेंगेटीत काय घडले होते?

टांझानियातील सेरेंगेटीत १९९४ च्या सुरुवातीला पर्यटकांना एक सिंह झटके देत तडफडताना दिसला. पुढच्या काही महिन्यांत तिथल्या सुमारे तीन हजार सिंहांपैकी एक तृतीयांश, म्हणजे जवळपास एक हजार सिंह संपले. साथ उत्तरेला केनियाच्या मसाई माराकडे सरकली. तरस, बिबटे आणि मोठ्या कानांचे खोकडही सुटले नाहीत. उद्यानाच्या सीमेवरील गावांत त्या काळी सुमारे ३० हजार कुत्री होती आणि बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. बोट त्यांच्याकडेच गेले.

पण शास्त्रज्ञांकडे सिंहांच्या रक्ताचे जुने साठवलेले नमुने होते. ते तपासल्यावर कोडे पडले. १९९४ च्या आधीही डिस्टेंपर सिंहांमध्ये येऊन गेला होता आणि कोणाच्या लक्षातही आले नव्हते, कारण सिंह मेलेच नव्हते! मग त्याच वर्षी असे काय झाले?

उत्तर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळाले. १९९३ मध्ये कडक दुष्काळ पडला होता. रानम्हशी खंगून मोठ्या संख्येने मेल्या. त्यांच्या अंगावर गोचिडांचा सुळसुळाट होता. सिंहांना आयते भक्ष्य मिळाले आणि त्याबरोबर बेबेसियाचा भरपूर डोसही. एरवी सिंहाच्या रक्तात हा परजीवी थोड्या प्रमाणात असतोच आणि शरीर त्याला आटोक्यात ठेवते. डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती पाडली आणि परजीवीला रान मोकळे मिळाले. २००१ मध्ये शेजारच्या गोरोंगोरो विवरात हेच गणित पुन्हा जुळून आले. ज्या कळपांवर बेबेसियाचा भार नव्हता तिथले सिंह डिस्टेंपर होऊनही वाचले.

दुष्काळ, गोचीड आणि विषाणू एकाच वेळी आले म्हणून हा संहार झाला. माझ्या मते सेरेंगेटीच्या कहाणीतील हा भाग आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो. ‘कुत्र्यांमुळे सिंह मेले’ हे वाक्य सोपे आहे, म्हणून तेच लक्षात राहते.

मग कुत्री दोषी नाहीत?

तसेही नाही. सेरेंगेटीभोवती नंतर कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले. कुत्र्यांमधला संसर्ग घटला. सिंहांमध्ये मात्र विषाणू येतच राहिला. तीन दशकांच्या रक्तनमुन्यांचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की सुरुवातीच्या काळात विषाणू कुत्र्यांकडून सिंहांकडे जात होता, पण पुढे त्याच्या फेऱ्या कुत्र्यांवर अवलंबून राहिल्या नाहीत. जंगलातल्या निरनिराळ्या प्राण्यांनी मिळून त्याला सांभाळले होते.

रशियाच्या अतिपूर्वेकडील अमूर वाघांबाबत असेच निष्पन्न झाले. तिथे २००३ पासून वाघ या रोगाने मरताना आढळले आहेत. माणसाची भीती सोडून रस्त्यावर, वस्तीत भरकटत आलेले वाघ. मेंदूवर झालेल्या परिणामाचे ते लक्षण होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाघांमधील विषाणू स्थानिक कुत्र्यांपेक्षा तिथल्या इतर वन्यजीवांमधील विषाणूंशी अधिक जुळला. त्यामुळे कुत्र्यांना लस देऊन तिथे वाघ वाचणार नाहीत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

या विषाणूचा पसारा एवढ्यावर संपत नाही. सैबेरियातील बैकल सरोवरात १९८७-८८ मध्ये आणि कॅस्पियन समुद्रात २००० मध्ये हजारो सील मेले. उत्तर समुद्रात १९८८ मध्ये सील मेले, तेव्हाही आधी डिस्टेंपरवरच संशय गेला. तपासाअंती तो त्याचा सख्खा भाऊ, सीलांचा स्वतंत्र विषाणू निघाला. चीनच्या ग्वांग्शी प्रांतातील एका माकड पैदास केंद्रात २००६ पासून साथ सुरू झाली आणि सुमारे १० हजार माकडांना बाधा झाली. माकड मांसभक्षी नाही. इथे विषाणूने घराणेच बदलले.

भारतात, आणि त्यातही आपल्याकडे, चित्र वेगळे आहे. सेरेंगेटीच्या मोकळ्या रानात किंवा सैबेरियाच्या बर्फाळ जंगलात कुत्री विरळ असतात. इथे शेताच्या बांधापासून अभयारण्याच्या आतपर्यंत ती असतात. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे १२ लाख ७६ हजार भटक्या कुत्र्यांची नोंद झाली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात गावकुत्री आणि खोकड यांच्या रक्ताची तपासणी करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहापैकी नऊ कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपरची प्रतिपिंडे सापडली, आणि पार्व्होचीही. राजस्थानात रणथंबोरभोवतीच्या गावांतही दहापैकी आठहून अधिक कुत्र्यांना डिस्टेंपर होऊन गेलेला होता.

हे आकडे वाचताना एक गफलत होते. प्रतिपिंडे असलेला कुत्रा आज आजारी असतो असे नाही. तो जगलेला, बरा झालेला कुत्रा असतो. पण दहापैकी नऊ प्रौढांना लागण होऊन गेली आहे, याचा अर्थ विषाणू त्या गावातून कधी जातच नाही. दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात, बरीच मरतात, उरलेली बरी होतात. विषाणूला ताजे इंधन मिळत राहते. गीरमधील वाण देशी निघाला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावायला हवा.

लस द्यायची कोणाला?

पाळीव कुत्र्यांबाबत प्रश्न सोपा आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला पहिली मात्रा, मग ते १६ आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, वर्षाने पुन्हा एक आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तसे. दवाखान्यात ‘सेव्हन-इन-वन’ किंवा ‘नाइन-इन-वन’ म्हणून जी लस मिळते तीत डिस्टेंपर असतोच. एक मात्रा देऊन थांबणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. आईची प्रतिपिंडे पिल्लाच्या शरीरातून नेमकी कधी ओसरतील हे आधी कळत नाही, म्हणून मात्रा अनेक.

भटक्या कुत्र्यांचे काय? महापालिका आणि नगरपालिका नसबंदी मोहिमेत जी लस टोचतात ती रेबीजची. माणसाच्या जिवाचा प्रश्न असल्याने ते योग्यच. मात्र त्या लशीचा डिस्टेंपरशी काहीही संबंध नाही. जंगलाच्या कडेच्या गावांत डिस्टेंपरची लस द्यायची तर पिल्लांची पैदास आणि मृत्यू यांचा वेगच इतका असतो, की वर्षभरात कळपातला लस न मिळालेल्यांचा वाटा पुन्हा वाढतो. नसबंदी, लस आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट ही तिन्ही कामे एकाच गावात वर्षानुवर्षे करावी लागतील. उघड्यावर टाकलेले मढे पुरणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

मग थेट वन्यप्राण्यांनाच का टोचू नये? इथे अमेरिकेतील काळ्या पायांच्या फेरेटची कथा आडवी येते. १९७० च्या दशकात या दुर्मीळ प्राण्याला डिस्टेंपरपासून वाचवण्यासाठी जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची लस देण्यात आली. सहापैकी चार फेरेट त्या लशीनेच मेले. कुत्र्यासाठी दुर्बल असलेला विषाणू फेरेटसाठी दुर्बल नव्हता. पुढे १९८५ मध्ये वायोमिंगमधील त्यांच्या अखेरच्या वसाहतीत डिस्टेंपर आणि प्लेग शिरले. १९८७ पर्यंत उरलेले १८ प्राणी पकडून पिंजऱ्यात आणावे लागले आणि आजचे सगळे काळ्या पायांचे फेरेट त्यांतल्या सातांची प्रजा आहेत. आता अशा प्राण्यांसाठी वेगळ्या पद्धतीची लस वापरतात. त्यात डिस्टेंपरचा जिवंत विषाणूच नसतो; पक्ष्यांच्या एका निरुपद्रवी विषाणूवर डिस्टेंपरची प्रथिने बसवलेली असतात.

गीरसाठी २०१८ मध्ये अमेरिकेतून लशीच्या ३०० मात्रा मागवण्यात आल्या आणि पकडून विलग ठेवलेल्या सिंहांना त्या दिल्या गेल्या. प्रत्येक सिंहाला बेशुद्ध करून टोचणे आणि पुन्हा मात्रा देण्यासाठी तोच सिंह पुन्हा गाठणे, हे मोठे जिकिरीचे काम. तरीही छोट्या संख्येच्या प्राण्यांत ते निष्फळ नसते. अमूर वाघांवरील अभ्यासातील गणितानुसार वर्षाला अवघ्या दोन वाघांना लस दिली तरी त्या छोट्या गटाचा ५० वर्षांत नामशेष होण्याचा धोका सुमारे १६ टक्क्यांवरून सहा टक्क्यांच्या आसपास येतो.

माणसाला होतो का?

कुत्र्याच्या डिस्टेंपरने माणूस आजारी पडल्याचे सिद्ध झालेले नाही. घरातल्या आजारी कुत्र्याची शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. एक कारण असे, की गोवर किंवा गोवरची लस यांमुळे तयार झालेली प्रतिकारशक्ती या चुलतभावालाही बऱ्याच अंशी ओळखते. प्रयोगशाळेत मात्र ‘एच’ प्रथिनातील एका बदलानेही हा विषाणू मानवी ‘स्लॅम’ कुलूप वापरू शकतो, असे दिसले आहे. चीनमधील माकडांच्या साथीनंतर ही बाब कोणी हसण्यावारी नेत नाही. उद्या गोवरचे उच्चाटन झाले आणि लस थांबवली, तर मोकळी झालेली जागा कोण घेईल, हा प्रश्न शास्त्रज्ञ आतापासूनच विचारत आहेत. बालकांना गोवरची लस देत राहण्याचे हे आणखी एक कारण.

गीरचे पुढे काय?

एकाच ठिकाणी सगळे सिंह ठेवणे म्हणजे एका साथीच्या हवाली ठेवणे, ही भीती २०१८ च्या कितीतरी आधीची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये काही सिंह सहा महिन्यांत मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवण्याचा आदेश दिला होता. ते हलले नाहीत. कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये आले ते नामिबियाचे चित्ते. गुजरातने राज्यातच पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्याचा पर्याय पुढे केला, आणि २०२५ च्या गणनेत तिथे १७ सिंह आढळले.

त्याच गणनेत सिंहांची एकूण संख्या ८९१ झाली. २०१५ मध्ये ती ५२३ होती. साथीनंतरही झालेली ही वाढ कौतुकाची आहे. मात्र या ८९१ पैकी ५०७ सिंह गीर राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याबाहेर नोंदले गेले. अमरेली आणि भावनगरच्या शेतांत, आंब्याच्या बागांत, समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यात ते फिरतात आणि गावाबाहेर टाकलेल्या जनावरांवर पोट भरतात. त्याच जनावरांवर गावातली कुत्रीही जगतात.